कोट काढा

कोट माझ्या बाबांचा होता. आमच्या गिटार ग्रुपमधल्या डॉक्टरांनी तो अंगात घातला, आत पोटावर उशी बांधली, टोपी तिरकी केली आणि झोकांड्या खात स्टेजवर आले. अख्खं सभागृह हसलं.

"ओ सायेब," डॉक्टर माइकवर ओरडले, "आदी नाष्टा द्या! नाष्ट्याबिगर बेंजो वाजनार नाय!"

पुन्हा हशा. पुढच्या रांगेतल्या एक बाई हसून हसून वाकल्या. मी स्टेजच्या डाव्या बाजूला उभी होते. गिटार गळ्यात, पायाशी पेडल, मागे आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बाबा बसले होते. मीच त्यांना रिक्षाने आणून बसवलं होतं.

पुढचं सांगण्याआधी थोडं मागचं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका नकलेचं एवढं काय.

बाबा बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे लाकडाची लांबट पेटी. वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. तो उजवा हात थांबायचा नाही. आमचं गाव राजापूरकडचं. आमच्या बौद्धवाडीची बेंजो पार्टी होती आणि बाबा त्यातले मुख्य. लग्न असो, हळद असो, गणपतीचं विसर्जन असो, पंचक्रोशीतून बोलावणं यायचं. लाल कोट, पितळी बटणं, पांढरी पँट. टेम्पोवर भोंगे बांधायचे आणि वरात वाजवत न्यायची ती मांडवाच्या दारापर्यंत. दारात थांबायचं. आत टेपवर सनई लागायची. बाबांनी उभ्या आयुष्यात मंगलाष्टकं ऐकली ती बाहेरून.

पहाटे निघालेली माणसं. ऊन डोक्यावर आलं तरी कोणी चहा विचारायचं नाही. मग पार्टीतले थोरले म्हणून बाबाच पुढे जायचे आणि सांगायचे, पोरांना कायतरी खायला द्या. म्हणजे डॉक्टरांची नक्कल अगदीच खोटी नव्हती. नाष्टा मागितला होता. तो मागावा का लागला, एवढंच त्यांनी गाळलं.

मुलीला पार्टीत घ्यायची पद्धत नव्हती. पण घरात बाबा वाजवत बसायचे आणि मी शेजारी. माझा उजवा हात तिथे घडला. पुढे मी लॅबचा कोर्स केला, रत्नागिरीत नोकरीला लागले. लोकांचं रक्त काढते, तपासते. आई नव्हतीच, ती मी लहान असताना गेली. शहरात एकटी राहायला लागल्यावर माझ्या डोक्यात इलेक्ट्रिक गिटार शिरली ती निघेना.

गिटार घ्यायला मी कोल्हापूरला गेले. दुकानदार लाकडाबद्दल, पिकअपबद्दल, मानेच्या जाडीबद्दल बरंच बोलला. मला त्यातलं अर्धं कळलं. त्याने तीन गिटारी पुढे काढल्या. मी बाबांना फोन लावला, स्पीकर चालू करून फोन काउंटरवर ठेवला आणि तिन्हींवर एकच तुकडा वाजवला. दुकानदार बघतच राहिला.

"पयली गोड हाय, पन झोपलेली," पलीकडून बाबा म्हणाले. "तिसरी नुसती वरडतेय. दुसरी घे गो. ती चावतेय."

बाबांच्या हिशेबात चांगली तार चावते. ढोलाच्या वर, भोंग्यातून, वळणापलीकडच्या घरात आवाज पोचवायचा तर तो मऊ असून भागत नाही. मी दुसरी घेतली. सोबत एक लहानसा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प आणि एक डिले पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची, वर फिरवायची बटणं असलेली डबी. डिले म्हणजे आपण सूर काढायचा, तो थोड्या वेळाने मागून पुन्हा येतो. बेंजोवाले त्यालाच इको म्हणतात. ते पेडल मला कोणी सांगावं लागलं नाही. तो आवाज मी पाळण्यात ऐकला होता.

मग बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, बोलणं थोडं जड झालं. मी त्यांना रत्नागिरीला माझ्या खोलीवर आणलं. बेंजो गावी कपाटावर राहिला. सुरुवातीचे महिने ते बोलायचेच नाहीत फारसं. एक दिवस मी वाजवत होते, तर सरकत सरकत जवळ आले आणि डाव्या हाताने पेडलचं बटण फिरवायला लागले. थोडं पुढे, थोडं मागे. "हां. आता ऱ्हाव दे," म्हणाले. तेव्हापासून इको तेच लावायचे. मी वाजवायचे आणि आवाज त्यांचा यायचा. मला आयुष्यात त्याहून मोठं सुख मिळालेलं नाही.

आमच्या लॅबच्या इमारतीत वरच्या मजल्यावर डोळ्यांचे एक डॉक्टर बसतात. जिन्यात त्यांनी माझ्या पाठीवरची गिटार पाहिली.

"अगं, तू वाजवतेस?"

त्यांचा एक ग्रुप होता. रविवारी सकाळी त्यांच्या बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत जमायचा. एक बँकेतले, एक कॉलेजात शिकवणारे, एक आंब्याचे व्यापारी. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, खाली बल्बवाले अ‍ॅम्प, जमिनीवर पेडलांची रांग. तिथे वाजवणं कमी आणि निवडणं जास्त चालायचं. हा पिकअप बदलू का, ते पेडल आधी लावू की नंतर, हा अ‍ॅम्प तापल्याशिवाय खुलत नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. अशा गोष्टींवर तासभर बोलणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, आपली माणसं सापडली.

फक्त एक व्हायचं. मी पेडल जोडलं की डॉक्टर वाकायचे आणि माझ्या डिलेचं बटण कमी करायचे. विचारायचे नाहीत. दुसऱ्या कोणाच्या पेडलला त्यांनी कधी हात लावला नाही.

"हा वरातीचा टोन झाला," ते म्हणायचे. "जरा टेस्ट डेव्हलप कर."

बाबांनी सकाळी लावून दिलेला इको डॉक्टर दहा वाजता उतरवायचे. मी घरी जाऊन बाबांना सांगायचे, सगळ्यांना आवडला. मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटायचं, तयार कानाच्या माणसांत आलोय, शिकायला हवं. रंग, कपडे, भाषा यांना जात चिकटवतात हे मला ठाऊक होतं. आवाजालाही चिकटवतात, हे त्या गच्चीवर कळलं, आणि तेही उशिरा.

ग्रुपचा वर्षाचा कार्यक्रम ठरला. डॉक्टर म्हणाले, "या वेळी बेंजो पार्टीला एक ट्रिब्यूट देऊ या. तू वाजव. इको हवा तेवढा ठेव. आणि वडिलांचा तो ड्रेस आहे ना, तो आण. निवेदन मी करेन."

मी घरी पळत गेले. बाबांना सांगितलं, तुमच्या बेंजोला मान देणार आहेत. शहरातल्या सभागृहात. डॉक्टर, वकील, सगळे ऐकायला असणार.

"मांडवात?" बाबांनी विचारलं.

"आत, बाबा. स्टेजवर."

गावाहून येणाऱ्या एसटीत चुलतभावाने कोटाचं बोचकं दिलं. बाबांनी पितळी बटणं चिंचेने घासली. इस्त्री मला करू देईनात. उजवा हात मांडीत पडलेला, डाव्याने इस्त्री फिरवत होते आणि कोट पुन्हा पुन्हा सरकत होता. मी एक टोक धरून ठेवलं. कोणती चाल वाजवायची तेही त्यांनीच सांगितलं. वरात मांडवाच्या जवळ आल्यावर वाजवायचे ती.

त्या कोटात डॉक्टरांनी उशी भरली.

नाष्ट्याची नक्कल झाल्यावर ते माझ्याकडे वळले. खाली वाकले, आणि जे बटण इतके रविवार उतरवत आले होते ते त्यांनी शेवटपर्यंत वर फिरवलं. "आनि आता आमची पेशल बेंजोवाली!" ते म्हणाले. "हिला शिकवायला नको, हिच्या घरातच हाय!" आणि लोकांकडे बघून डोळा मारला.

मी बाबांकडे पाहिलं.

बाबा हसत होते.

अर्ध्या चेहऱ्याने. दुसरा अर्धा हलत नाही ना त्यांचा. डावा हात मांडीवर आपटत होते, कारण एका हाताने टाळी वाजत नाही. आजूबाजूची माणसं हसताहेत म्हणून ते हसत होते. मोठ्या माणसांनी हसायचं आणि आपण त्यात सामील व्हायचं, म्हणजे प्रसंग निभावतो. असे किती मांडव त्यांनी हसून निभावले असतील, ते मला एका क्षणात दिसलं. आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. डॉक्टरांच्या नकलेने नाही. बाबांच्या हसण्याने.

मी वाकून अ‍ॅम्प बंद केला. स्पीकरमधून धाडकन आवाज आला.

"कोट काढा," मी म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं, हाही नकलेचाच भाग. डॉक्टरही हसले. "अरे, बेंजोवाली रुसली! हिलापन नाष्टा द्या!"

"कोट काढा."

आता पुढच्या रांगेचं हसू थांबलं. मागच्या रांगा अजून हसत होत्या. डॉक्टरांनी माइक बाजूला केला आणि दातओठ खात हळू आवाजात म्हणाले, "तमाशा नको. वाजव."

मी गिटार गळ्यातून काढून खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी नुसता हात पुढे केला. त्यांनी बटणं सोडली. उशी स्टेजवर पडली. मी कोटाची घडी घातली, इस्त्रीनंतर घातली होती तशीच. टाळ्या नाहीत, ओरडा नाही. नुसत्या खुर्च्या करकरल्या.

स्टेजच्या मागे डॉक्टर तावातावाने आले. "आम्ही प्रेमाने करत होतो. तुला विनोद कळत नाही का? तुला ग्रुपमध्ये घेतलं तेव्हा कोणी काही विचारलं होतं? तू कोण, कुठली?"

"विचारलं नाहीत," मी म्हणाले. "पण विसरलाही नाहीत."

बँकेतले आणि कॉलेजातले दोघं तिथेच वायरी गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी बाबांना रिक्षात बसवलं. कोट माझ्या मांडीवर.

"कशाला गो असा केलंस?" बाबा म्हणाले. "लोका हसत व्हती. चांगला चाललेला."

"तुमची थट्टा करत होते, बाबा."

"ता माका कलत नाय काय?" ते बाहेर बघत म्हणाले. "मोठ्या मानसांत तुजी उठबस झालेली. ती मोडलीस. माज्यासाटी."

मला वाटत होतं, त्यांना कळलं नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं. माझी उठबस मोडू नये म्हणून ते हसले होते. मी तोंडावर ओढणी धरली आणि मारुती मंदिरापासून घरापर्यंत रडत आले.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा मेसेज आला. झालं गेलं विसरून जाऊ, रविवारी ये. खाली एका नवीन पेडलचा फोटो. हे घे, तुला सूट होईल, साउंड जरा सोबर होईल. मी वाचला, ग्रुपमधून बाहेर पडले आणि त्यांचा नंबर काढून टाकला. जिन्यात भेटतात. मी बाजूला होत नाही.

हे मी केलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण शौर्य म्हणून कोणी पाठ थोपटू नये. कारण खरा घाव त्या सभागृहात दिसला नाही, तो घरी आल्यावर दिसला. मी गिटार जोडली, पेडल बाबांच्या पुढ्यात सरकवलं. त्यांनी हात मागे घेतला.

"नको गो तो इको," ते म्हणाले. "वरातीसारका वाटतो. साधा वाजव."

ज्या माणसाने फोनवर तीन गिटारी ऐकून एक उचलली, जो नखीच्या एका फटक्यात गाव जागं करायचा, त्याला त्याचाच आवाज हलका वाटायला लागला. मारझोड नाही, शिवी नाही. एक उशी आणि एक हशा पुरला. मी त्या दिवशी जेवले नाही.

आता इको मीच लावते. रोज, कामावरून आल्यावर, खोलीचं दार उघडं टाकून. मजल्यावर सगळ्यांना ऐकू जातं. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, हे लग्नातलं काय वाजवतेस? हो, म्हटलं, लग्नातलंच. आवाज सुरू झाला की बाबा उठतात, भिंतीला धरून जिन्याकडे जातात आणि पाठ करून बसतात. ती पाठ बघून मला भडभडून येतं. वाटतं, पाय टाकून पेडल बंद करावं आणि त्यांना हाताला धरून आत आणावं. साधं वाजवलं तर लगेच येतीलही.

मी साधं वाजवणार नाही. साधं वाजवलं तर तो हशा आमच्या घरात कायमचा राहायला येईल, आणि त्याला मी एक वीतभर जागा देणार नाही. बाबा आत येतील. कदाचित कधीच येणार नाहीत. इको चालूच राहील.