लव्होनच्या दारातली ऐरण

मर्ल हचिन्सनं गॅरेजात भट्टी बांधायला घेतली तेव्हा त्याला नोकरीतून मोकळं होऊन जेमतेम एक हिवाळा झाला होता. ओहायोच्या दक्षिण टोकाला, डोंगरांच्या कुशीतल्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारा ट्रक त्यानं उभी हयात चालवला. बायको फार पूर्वीच सोडून गेली होती, मूलबाळ नव्हतं. आता सकाळी उठून जायला कुठलाच रस्ता उरला नव्हता.

भट्टीचं वेड मात्र नवं नव्हतं. त्याचा आजा एसा हचिन्स गावचा लोहार. मर्ल लहान असतानाच आजा गेला आणि बापानं सगळं दुकान लिलावात फुंकून टाकलं. सांडश्या गेल्या, भाता गेला, ऐरण गेली. त्या ऐरणीचा आवाज तेवढा मर्लच्या कानात राहिला. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या, ओढ्यापलीकडून येणारा, देवळाच्या लहान घंटेसारखा. त्यानंतर कितीतरी आवाज कानांवरून गेले, पण तसा एकही नाही.

जुन्या ट्रकच्या ब्रेकचा लोखंडी ड्रम त्यानं भंगारातून आणला, त्याला पाइपाचे तीन पाय जोडले, आतून मातीचा लेप दिला. वारा घालायला खालून एक नळी सोडली. वाऱ्यासाठी केस वाळवायचा ड्रायर आणायला तो दुकानात गेला, तर गल्ल्यावरच्या मुलीनं आधी त्याच्या टकलाकडे पाहिलं, मग ड्रायरकडे.

"भेट द्यायचाय का?"

"नाही, माझ्यासाठीच," मर्ल म्हणाला. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

पहिल्या दिवशी कोळशानं असा पिवळा धूर ओकला की शेजारचा गस टॉलिव्हर पाण्याची नळी घेऊन धावत आला. गस स्वतः हौशी लोहार. महिन्यातून एकदा अशी हौशी मंडळी एकत्र जमायची, त्यांतला.

"लेका, तू लोखंड तापवतोयस की गाव पेटवतोयस?"

"आधी पेटू तर दे."

"आणि ऐरणीचं काय?"

मर्लनं रेल्वेच्या रुळाचा तुकडा दाखवला. गसनं हातोडा मारून पाहिला. रूळ किंचाळला आणि ठोकळ्यावरून उडी मारून बाजूला पडला. "याला ठोकळ्याशी लग्न मान्य नाही," गस म्हणाला.

रुळावर मर्लनं उन्हाळाभर हूक वळले, खिळे ठोकले. हात बसत गेला. पण प्रत्येक घावाला वाटायचं, हा तो आवाज नव्हे.

शरद लागला आणि एके दिवशी कोळसा आणायला जाताना त्याला ती दिसली. घाटाच्या वळणावर, एका पांढऱ्या घरासमोर, टपालपेटीच्या शेजारी. डोक्यावर फुलांची कुंडी. त्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि कुंडी न हलवताच हात फिरवला. डाव्या बाजूचा कोपरा फुटका. आज्याच्या ऐरणीचा हाच कोपरा फुटला होता. नांगराचा फाळ सरळ करताना, थंडीत. मर्लला गुडघे टेकायचे नव्हते, पण तो तिथं ओल्या गवतात टेकला.

"फुलं हवी असतील तर मागून घ्यावीत," पडवीतून आवाज आला. "अशी प्रार्थना करायची गरज नाही."

ती लव्होन पिकार्ड. सत्तरीची, उंच, पुरुषी बूट घातलेली. मर्ल उठला, टोपी काढली, आणि आज्याची सगळी हकीकत अडखळत सांगितली.

"बाई, ही मला द्याल का? म्हणाल ते देईन."

"नाही."

"पण तुम्हाला तिचा—"

"मला तिचा उपयोग आहे. एका वर्षी वादळानं आमची पडवी उचलून शेजारच्या मक्यात नेऊन टाकली. मी रूबेनला, माझ्या नवऱ्याला म्हटलं, वाऱ्यानं उडून जाणार नाही अशी एक तरी वस्तू दारात असू दे. तो ही घेऊन आला. पुढं रूबेन गेला, ही आहे." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा पडलेला पाहून ती पायऱ्या उतरली आणि स्वतःच कुंडी उचलून खाली ठेवली. "देणार नाही. पण वाजवून बघा हवं तर."

गाडीतला हातोडा आणून त्यानं एक हलका घाव घातला. आवाज दरीत गेला, पलीकडच्या टेकडीला लागून परत आला. मर्लनं तोंड फिरवलं. लव्होन घरात गेली आणि बऱ्याच वेळानं दोघांसाठी कॉफी घेऊन आली.

ऐरण हलणार नव्हती, तेव्हा भट्टीच हलली. मर्लनं तिला बागेतल्या हातगाड्यावर बसवलं, गाडा पिकअपमध्ये चढवला आणि शनिवारी सकाळी लव्होनच्या अंगणात नेला. पहिल्या शनिवारी ती पडवीतून बघत बसली. दुसऱ्या शनिवारी खाली आली, आणि तिसऱ्या शनिवारी ड्रायर हिसकावून घेत म्हणाली, "हे काय बायकी यंत्र! आमच्या बापाकडे हातानं फिरवायचा पंखा होता."

मर्लनं तीन परगणे पालथे घालून तसा पंखा मिळवला. त्या दिवसापासून वारा तिचा. तो लोखंड घालायचा, ती दांडा फिरवायची आणि निखाऱ्यांकडे बघत सांगायची, "अजून लाल आहे. थांब. केशरी होऊ दे." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. दुपारी मक्याचा पाव, घेवडा आणि तिनं घोटलेला सफरचंदाचा मुरंबा. गस कधी आलाच तर दुरूनच ओरडायचा, "लोहारीण, काम चाललंय की गप्पा?"

"तुझ्या तोंडाला कडी करतोय!" लव्होन उलट ओरडायची.

तीन उन्हाळे असे गेले. तिच्या घराला कड्या झाल्या, हूक झाले, चुलीशी टांगायला पळ्या झाल्या. तिनं स्वतः एक हूक वळला, वाकडा, आणि त्यावर कोट अडकवून चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, पानं पिवळी पडत असताना, मर्लनं ठरवलं की आज बोलायचं. आठवडाभर गाडीत एकटा बोलून त्यानं वाक्य घोटलं होतं. लोखंड भट्टीत होतं. ती दांडा फिरवत होती, कपाळावर काजळीचा पट्टा, डोळे विस्तवावर.

"लव्होन," तो म्हणाला, "मला वाटतं, आपण दोघं..."

"अरे, जळतंय!"

त्यानं सळई ओढली. टोक पांढरंफटक होऊन फुलबाज्यासारखं तडतडत होतं. ठिणग्या दोघांच्या बुटांवर पडल्या. लव्होन पोट धरून हसली. "लोहार म्हणे! कुठं होतं लक्ष?" तोही हसला. जळलेलं लोखंड पुन्हा जुळत नाही. टोक तोडून टाकावं लागलं. वाक्य घशातच राहिलं. पुढच्या शनिवारी बोलू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

पुढच्या शनिवारी पाऊस होता. त्यानंतरच्या आठवड्यात लव्होन पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ॲरिझोनाहून तिचा मुलगा कर्टिस आला. मुलगा सालस होता, त्याच्यावर रागही धरता येईना. आईला एकटीला ठेवणं शक्य नाही, घर विकावं लागेल, असं तो सांगत होता आणि मर्ल मान हलवत होता. निघायच्या सकाळी लव्होन गाडीत बसली होती, काच खाली.

"ऐरण घेऊन जा," ती म्हणाली. "कर्टिस म्हणतो, तिकडं वादळं होत नाहीत."

"बरं."

"बरं काय? बोल की काहीतरी."

मर्लच्या ओठांवर ते घोटलेलं वाक्य अख्खंच्या अख्खं उभं होतं. पुढच्या सीटवर कर्टिस घड्याळ बघत होता. "जपून जा," मर्ल म्हणाला.

चार माणसं लावून ऐरण त्याच्या गॅरेजात आली. हिवाळाभर तिच्यावर एक घाव पडला नाही.

"जन्मभर जिच्यासाठी झुरलास ती मिळाली," गस म्हणाला, "आणि तू तिच्यावर पेंटचे डबे ठेवतोस!"

"हात दुखतो."

"हात?" गसनं स्वतःच डबे उचलून फळीवर ठेवले आणि घरी गेला.

लव्होनचा फोन रविवारी यायचा. हवा, खुबा, सूनबाईंचा कुत्रा. मार्चमधल्या एका रविवारी ती म्हणाली, "वाजवून दाखव ना."

त्यानं फोन फळीवर ठेवला आणि हातोडा उचलला. गॅरेज दणाणलं. त्यानं फोन कानाला लावला. "ऐकलंस?"

"ऐकलं. कपात चमचा ढवळल्यासारखं." मर्लनं हातोडा खाली ठेवला. आणि मग त्याच्या तोंडून निघालं ते घोटलेलं वाक्य नव्हतंच.

"लव्होन, तू इथं नाहीस. मला काही करवत नाही."

"हे सांगायला एवढा प्रवास करायला लावलास होय मला?" तिचा आवाज चिरकला. "तेव्हा बोलला असतास, मेल्या, तर मी पायरीलाच चिकटून बसले असते. मग ये."

एप्रिलमध्ये तो गेला. जन्मात पहिल्यांदा विमानात बसला. ती चालायच्या आधाराची चौकट धरून दारात उभी होती, बारीक झालेली, पण केस नीट बांधलेले. आठवडाभर दोघं गाडी उभी करायच्या छपराखाली बसून समोरचे तांबडे खडक बघत राहिले. तिनं त्याचा हात धरला की तो जेवायच्या वेळेलाच सोडायची.

"राहा," ती एकदा म्हणाली.

त्यानं मनापासून विचार केला. कर्टिसच्या घरात त्याला खोली नव्हती. वस्तीत अंगणात विस्तव पेटवायला बंदी होती. तिचे डॉक्टर इथं होते, तिला आता डोंगरातला बर्फ झेपणार नव्हता.

"तू चल," तो म्हणाला, उत्तर ठाऊक असूनही.

तिनं मान हलवली, आणि अंगठ्यानं त्याच्या तळहातावरचे भाजल्याचे जुने डाग एकेक करून चाचपत राहिली. कुठला कोणत्या दिवशीचा, ते तिला आठवत होतं.

परत आल्यावर मर्लनं भट्टी पेटवली. आता तो रोज काम करतो, दिवसा, दार उघडं टाकून. एका हातानं पंखा फिरवायचा नि दुसऱ्यानं लोखंड सांभाळायचं, हे त्याला जमायला लागलंय. पण रंग ओळखताना तो अजून चुकतो आणि मग थांबून बघत राहतो, कुणी तरी सांगेल म्हणून.