पत्र्यावरचा बर्फ

"हात लावू नका, वल्लं हाय." दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पेंटर आधी हे ऐकवायचे, रंगाचा डबा उघडलेला नसला तरी. आमच्या दैनिकाचं ऑफिस त्यांच्यासमोर, रस्त्यापलीकडे. परभणीतल्या त्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या. फ्लेक्स आले आणि त्या एकेक करून उतरल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम संपलेलं असतं, दुकान मात्र रोज उघडतात.

त्यांची एकुलती मुलगी परदेशात, थंड मुलखात नर्स होती. तिनं घरासमोरच्या रस्त्याचा फोटो पाठवला. दोन्हीकडे घरं, मधे बर्फ. पेंटर मोबाइल घेऊन माझ्याकडे आले.

"बगा संपादकसाब, सगळं हाय, पोरगीच न्हाई."

"फोटो तिनंच काढलाय ना."

"तेच म्हणायलोय."

दोनदा पुढं ढकलून ती दिवाळीला येणार होती. त्याआधी हा रस्ता रंगवायचा आणि त्यात तिला उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं. चित्रकार वापरतात ते ट्यूबमधले तेलरंग आणले. कॅनव्हास मात्र नाही. उतरवलेल्या एका पाटीचा पत्रा घेतला आणि सवयीनं त्यावर आधी तांबड्या रेड ऑक्साईडचा हात दिला.

मोबाइलवर त्यांनी परदेशी चित्रं पाहिली होती. रेघ नाही, नुसते रंगाचे फटकारे. जवळून गिचमिड, लांबून ऊन-सावली. पेंटरांचा हात रेघेचा. पहिली घरं त्यांनी काळ्या किनारीनं बांधली, अक्षरांना देतात तशी मागं सावलीही दिली.

"आता प्रोप्रायटरचं नाव तेवढं राहिलं," मी म्हणालो. ते हसले नाहीत. पातं घेऊन सगळं खरवडलं.

हळूहळू जमलं. बर्फात निळा आला, जांभळा आला. जिंतूरकडचा एक शेतकरी पाटीचं विचारायला आला आणि दारातच थांबला.

"पेंटर, कापसाची गाडी उलटली का काय?"

"हात लावू नका. वल्लं हाय."

पाट्यांचा रंग संध्याकाळपर्यंत वाळायचा. हा आठवडेच्या आठवडे ओला. रस्त्यावरची धूळ बर्फावर बसायची. ते सुईनं एकेक कण टिपायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मुलगी मात्र जमेना. रेघ मारली की ती पाटीवरच्या बाईसारखी थिजायची, फटकाऱ्यांनी काढली की कुणीही व्हायची. काढायची, खालच्या तांबड्या हातापर्यंत खरवडायची, जागा पांढऱ्यानं बुजवायची. मग मला ऑफिसच्या दारातून बघायला लावायचे.

"दिसायलीय का?"

"नाही."

"मलाबी न्हाई," म्हणत ते स्टुलावर बसायचे. पुढं पुढं विचारणंही थांबलं. ते नुसता हात वर करायचे, मी मान हलवायचो.

दिवाळीच्या थोडं आधी पेंटर झोपेतच गेले. मुलगी आली. शटर मी उघडून दिलं. ती चित्रासमोर उभी राहिली.

"मी कुठंय ह्याच्यात?"

रस्त्याच्या मधली जागा मी दाखवली. पांढरा थर तिथंच सगळ्यात जाड होता. तिनं अंगठा टेकवला. तो आत रुतला आणि उचलताना जरासा खाली घसरला. टोकायला कुणी नव्हतं.

ओलं चित्र विमानात नेता येईना. ते आता आमच्या ऑफिसात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. अंगठ्याच्या जागी खालचा तांबडा रंग उघडा पडलाय. जवळून तो डागच. पेंटरांच्या बंद शटरपाशी उभं राहून पाहिलं, की बर्फात लाल शाल घेतलेलं कुणीतरी उभं दिसतं.