ओंग अंकल, आजी आणि तीन पायऱ्या

लिफ्टची वाट बघताना माणसं फार बोलतात. ईस्ट कोस्टच्या आमच्या जुन्या कॉन्डोत, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारख्या बिल्डिंगमध्ये, दोन लिफ्ट आहेत आणि त्यातली एक कायम दुरुस्तीला असते, त्यामुळे वाट भरपूर बघावी लागते. मी मुळात कमी बोलणारा. समोरचा गप्प राहिला की माणसाला आणखी बोलावंसं वाटतं, हे मला इथे आल्यावर कळलं. माझ्याकडे गोष्टी साचत गेल्या त्या अशा. आता घरी कुणी जेवायला आलं की बायको म्हणते, "अरे, तो ख्रिसमसचा किस्सा सांग ना!" पण तो एकटा सांगता येत नाही. आधीचे सगळे सांगावे लागतात.

बायको इथे संशोधक आहे. मी दहावीनंतर शाळा सोडली, आता जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर आहे. आम्ही भाडेकरू, म्हणून कॉन्डोच्या निवडणुकीत आम्हाला मत नाही. बघायला मात्र सगळं मिळतं.

*

आमच्या शेजारी गायकवाड काका राहतात. मूळचे नाशिक रोडचे, इथे मोठ्या कंपनीत इंजिनिअर. त्यांची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, व्हीलचेअरवर असतात. बिल्डिंगच्या मागच्या दारातून बागेत जायला तीन पायऱ्या आहेत. आजींना रोज सकाळी बागेत बसायला आवडतं, पण पायऱ्यांमुळे पुढच्या दाराने, कार पार्कमधून, अख्ख्या बिल्डिंगला वळसा घालून जावं लागतं. पाऊस असला की तेही बंद.

काकांनी मॅनेजमेंट कौन्सिलकडे रॅम्प मागितला. नुसता मागितला नाही, प्रेझेंटेशन केलं! चढाचा कोन, रेलिंगची उंची, पावसात घसरू नये म्हणून कसली फरशी, सगळं. शेवटच्या स्लाइडवर आजींचा फोटो.

कौन्सिलचे जुने मेंबर ओंग अंकल, निवृत्त गृहस्थ, सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "व्हेरी नाइस, मिस्टर गायकवाड. बट माय ऑर्किड्स गो वेअर?"

पायऱ्यांच्या कडेला त्यांच्या ऑर्किडच्या कुंड्या असतात. रॅम्प पुढच्या वर्षावर गेला.

घरी आल्यावर काका म्हणाले, "जानेवारीत एक जागा निवडायची आहे. ओंगच्या विरोधात मी लढणार!"

आजी म्हणाल्या, "बरं. आणि तोवर मी काय वरच बसू?"

*

लढायचं तर लोकांत मिसळायला हवं. म्हणून काकांनी कॉन्डोची ख्रिसमस पार्टी हातात घ्यायचं ठरवलं. ही पार्टी रोझ आंटी वर्षानुवर्षं एकट्या करत. त्या इथल्याच, चिनी ख्रिश्चन, नवरा गेल्यापासून एकट्या राहतात. त्या खाली केक आणायच्या, लोक खाली यायचे, पार्टी व्हायची.

काकांनी कमिटी बसवली. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, स्वागतप्रमुख. माणसं भरली चार! त्यामुळे प्रत्येकाकडे काही ना काही पद आलंच. मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत सहसचिव झालो होतो.

रोझ आंटींनी हात वर केला. "अँड मी?"

काका आदराने म्हणाले, "आंटी, यू आर अवर सल्लागार."

त्याचा अर्थ काय, म्हणून आंटींनी नंतर लिफ्टपाशी मला विचारलं. माझं इंग्रजी बेताचं. मी म्हटलं, "आंटी, यू ब्रिंग केक."

"सेम सेम लाह!" आंटी म्हणाल्या. 'लाह' हे इथल्या इंग्रजीचं शेपूट, वेगळा अर्थ काही नाही.

*

सावंत चीफ हे कमिटीचे कार्याध्यक्ष. मालवणचे, बोटीवर चीफ इंजिनिअर, सध्या सुट्टीवर. त्यांना कुठलीही गोष्ट हललेली आवडत नाही. आदल्या वर्षी लॉबीतलं ख्रिसमसचं झाड एका मुलाच्या स्कूटरने पाडलं होतं, हे ऐकून ते माझ्याकडे वळले. "ह्या खेपेला स्टँड असा कर, की वादळ आलं तरी झाड जाग्यावर राहायला हवं!"

मी फिटर. मला तसंच करता येतं. यार्डात परवानगी काढून जाड पाइप आणि प्लेटचा स्टँड वेल्ड केला आणि चौघांनी मिळून तो लॉबीत आणला. झाड जरासुद्धा हललं नाही. चीफ खूश.

ख्रिसमस झाल्यावरही ते हललं नाही. आणायला मदत केलेले दोघे तोवर भारतात सुट्टीवर गेले होते. वॉचमन प्रयत्न करून दमला. शेवटी चिनी नववर्ष आलं, तेव्हा मॅनेजरबाईंनी चांदणी काढली आणि त्याच झाडावर लाल कंदील टांगले.

*

कॅरलची तालीम गायकवाडांच्या घरी व्हायची. रोझ आंटींनी एक संथ कॅरल शिकवलं. गायकवाड काकूंचा आवाज चांगला, सूर लगेच लागला. पण गाणं नुसतं गायचं, टाळी नाही, ठेका नाही, हे काही काकूंना पटेना. त्यांनी कपाटावरची ढोलकी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. गावी जयंतीच्या मिरवणुकीत मी वाजवायचो, हे बायकोने त्यांना सांगून ठेवलं होतं.

मी हळूच ठेका धरला. हळूच म्हणजे माझ्या मते. दुसऱ्या कडव्याला सगळे उभे राहिले, तिसऱ्या कडव्याला चीफ नाचत होते.

काकांची मुलगी मैत्रेयी आतून आली. सातवीच्या वयाची, कायम वैतागलेली. "पप्पा! कॅरल नॉट लाइक दॅट लाह! सो पैसेह!"

पैसेह म्हणजे लाजिरवाणं. रोझ आंटी मात्र घाम पुसत म्हणाल्या, "सगळं आयुष्य चर्चमध्ये हे गाणं गायले. माझे गुडघे आज पहिल्यांदा जागे झाले."

*

पार्टीचा दिवस. सांताक्लॉज दरवर्षी ओंग अंकल होतात, कारण लाल ड्रेस त्यांच्याच मापाचा शिवलेला आहे. काकांना ते फारसं आवडलं नव्हतं, पण दुसरा ड्रेस कुठून आणणार?

मुलं गोल करून बसली होती. सांता पोतं घेऊन आले आणि पोत्यात हात घालणार, इतक्यात माइकवरून काकांचा आवाज आला. "वन मिनिट प्लीज! फर्स्ट, सत्कार!"

सांताला खुर्चीवर बसवलं. लाल कोटावर शाल घातली. काकांनी फक्त शाल आणि फुलं ठेवली होती, पण चीफ म्हणाले, "नारळाशिवाय कसला सत्कार?" आणि त्यांनी सांताच्या हातात नारळ दिला. मग काकांचे दोन शब्द. मग चीफचे दोन शब्द. सांता शालीखाली, दाढीखाली घामाने भिजत होते, पण नारळ सरळ धरून बसले होते. आपल्याकडे पाहुणे बसतात तसेच.

एक छोटा मुलगा रडायला लागला. मैत्रेयीने माइक ओढून घेतला.

"पप्पा, सांता गॉट प्रेझेंट. वुई ऑल गॉट स्पीच!"

त्या दिवशी सगळ्यात मोठ्या टाळ्या तिलाच पडल्या.

*

शेवटी आभारप्रदर्शन होतं. त्यात माझं नाव घेऊन मला उभं करणार, हे मला आधीच कळलं होतं. म्हणून मी मागच्या बागेत जाऊन उभा राहिलो. पावसाचे थेंब पडायला लागले होते. पायऱ्यांपाशी बघतो तर आजी! कंटाळल्या म्हणून काकूंनी त्यांना वळसा घालून इथवर आणलं होतं आणि घरी न्यायला काकांना बोलावायला त्या आत गेल्या होत्या. पण काकांच्या हातात माइक होता.

तेवढ्यात ओंग अंकल हवा खायला बाहेर आले. अंगावर अजून सांताचाच ड्रेस. त्यांनी आजींकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. खुर्चीच्या मागे गेले, ती कलती केली आणि एकेक पायरी वर ओढायला लागले. मी पुढून धरलं.

वर पोचल्यावर आजींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "दाढी काढ बाबा ती. केवढा घामेजलास!"

ओंग अंकलनी दाढी काढली. कसं कळलं, मला माहीत नाही.

*

त्यानंतर काकू मला लिफ्टपाशी भेटल्या. इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. ओंग अंकल रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायला येतात ना, तेव्हा आईंना खाली उतरवतात. तासाभराने परत वर घेतात. आई त्यांच्याशी मराठीत बोलतात, ते आईंशी त्यांच्या भाषेत. परवा त्यांनी आईंना पोर्सिलेनच्या कपात चहा आणला."

"काकांना माहीत आहे?"

"छे! ते सकाळी सातलाच ऑफिसला जातात. आणि रात्री ओंगच्या विरोधात भाषण लिहितात. तू सांगू नकोस हं. एकदाची निवडणूक होऊ दे."

मी सांगितलं नाही. मला तसंही कुणी विचारत नाही.

*

जानेवारीत सभा झाली. एक जागा, दोन उमेदवार. एका फ्लॅटला एक मत, हात वर करून. काका सूट घालून आले होते. "आई, तूही बघ," म्हणून त्यांनी आजींना पहिल्या रांगेत बसवलं. ओंग अंकल माझ्या शेजारी.

काकांचं भाषण चांगलं झालं. रॅम्पबद्दल बोलताना त्यांनी आजींकडे हात केला. "माझी आई रोज ह्या तीन पायऱ्यांकडे बघते आणि मागे फिरते," ते म्हणाले. काकू पदराशी चाळा करत खाली बघत राहिल्या.

मॅनेजरबाई म्हणाल्या, "हँड्स फॉर मिस्टर ओंग, प्लीज."

बरेच हात वर झाले. पहिल्या रांगेतला सगळ्यात आधी. आजींचा!

काका धावत गेले. "आई! हात खाली घे. हा ओंग आहे, ओंग! मी नंतर."

"कळतंय मला," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज सभेत कुणाला ऐकू आला नाही असं झालं नाही. "हा रोज उचलतो मला. तू नुसता बोलतोस."

मराठी मंडळी होती ती हसली. चीफ तर खुर्चीवरून पडायचे बाकी. काका काकूंकडे बघायला लागले आणि काकू छताकडे. मॅनेजरबाईंनी आजींना अदबीने समजावलं, की मॅडम, तुमच्या फ्लॅटचं मत मुलाकडे आहे, हा हात मोजता येणार नाही. आजींनी हात खाली घेतला नाही.

ओंग अंकलनी मला कोपराने ढोसलं. "व्हॉट शी से?"

मी आजवर सभेत कधी बोललो नव्हतो. "शी से, यू लिफ्ट. ही ओन्ली टॉक."

त्यांनी मान हलवली. हसले मात्र नाहीत.

"हँड्स फॉर मिस्टर गायकवाड."

काकांनी स्वतःचा हात वर केला, पण अर्धाच. मॅनेजरबाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. दोघांना सारखीच मतं. एकाच फ्लॅटचं मत पडायचं राहिलं होतं, ओंग अंकलचं. ते स्वतःला कधी मत देत नाहीत, बरं दिसत नाही म्हणून. सगळी सभा त्यांच्याकडे बघायला लागली.

ओंग अंकल उठले. उठताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला आणि मग दुसरा वर केला.

"फॉर मिस्टर गायकवाड," ते म्हणाले. "माय बॅक कॅनॉट ऑलरेडी लाह!"