वालाच्या रोपाची वही

तो नियम मीच लिहिला होता. विद्यार्थी साठ दिवस संगणकावर आला नाही, की त्याचं सगळं पुसून संगणकातली जागा रिकामी करायची. शाळेतले संगणक जुने, जागा कमी. ही साफसफाई मला फार शहाणपणाची वाटली होती.

सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेसाठी मी विज्ञानाचे प्रयोग संगणकावर तयार करत होते. तिथली प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. मी पडद्यावर वालाचं रोप वाढवलं. मुलांनी खरा वालही डब्यात पेरून खिडकीत ठेवायचा आणि दोन्ही रोपांबद्दल रोज दोन ओळी पडद्यावरच्या वहीत लिहायच्या. मुलं मोठी हुशार. पडद्यावरचं बघून दोन्हीकडे तेच लिहीत. मला राग यायचा.

आठवीतली एक मुलगी मात्र स्वतःचं लिहायची, अर्धं घरच्या पावरी बोलीत, अर्धं मराठीत, एका बोटानं टाईप करत. एकदा तिनं लिहिलं, खिडकीतलं रोप संध्याकाळी पानं खाली सोडून झोपतं, पडद्यावरचं झोपत नाही. मी चाटच पडले. इतकी वर्षं विज्ञान शिकवून रोपाला झोपवायचं मी विसरले होते. "याला झोपायला शिकवते हं," मी म्हटलं. ती लाजून हसली. पुढच्या महिन्यात करू म्हणून मी ते काम मागे टाकलं.

दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत निघाले. फडात धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेणार होते. जायच्या आदल्या दिवशी ती संगणकासमोर बसून आपली वही कागदावर उतरवत होती. एकेक अक्षर बघून, जीभ बाहेर काढून. मला हसू आलं. "अगं, थांब. कागद भिजेल, फाटेल. ही वही इथंच राहणार आहे, कुठे जात नाही. होळीला आलीस की पुढं लिही." तिनं पेन्सिल दप्तरात टाकली.

मी पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढले. गळीत हंगाम म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. वडील कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. त्या थंडीत मी घरी त्या मुलीचा विषय काढला, की ते म्हणायचे, "होळीले डोंगरना लोके घर येतसच. तू कसाले काळजी करी ऱ्हायनी?" हे सगळं बघत वाढलेल्या बाईनं साठ दिवसांचा नियम लिहावा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवाळी ते होळी किती दिवस होतात, हे मी मोजलंच नव्हतं.

होळी झाल्यावर ती शाळेत आली. मी नेमकी तिथं होते. रापली होती, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. भावाला नुसतं सांभाळणं झालं नव्हतं, हे दिसतच होतं. धावत जाऊन तिनं संगणकावर आपला क्रमांक टाकला. पडद्यावर आलं, नवीन विद्यार्थी, तुझं स्वागत आहे. खाली कोरी वही.

तिनं पुन्हा क्रमांक टाकला. मग तिसऱ्यांदा. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मॅडम, माझं नाव काढलं का शाळेतून?"

मी सांगितलं. जागा, नियम, साठ दिवस. सांगताना माझाच मला संताप येत होता. संगणकाचं काम बघणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पुसलेलं आता परत मिळणार नाही. मला तिच्यासमोरच रडू आलं.

पुढच्या दिवाळीला ती गेली, ती पुन्हा शाळेत आली नाही. आता ती स्वतःच ऊस तोडते, असं तिथल्या सरांकडून कळलं. नियम मी केव्हाच काढून टाकलाय. पडद्यावरचं रोपही आता संध्याकाळी पानं सोडतं, नवी मुलं खूश होतात. मला ते बघवत नाही.

त्या दिवशी मला रडताना बघून तिनंच धीर दिला होता. दप्तरातून चौघडी घातलेला एक कागद काढला. जायच्या आदल्या दिवशी उतरवत होती तोच. त्याला उसाच्या रसाचा डाग होता, पण कागद भिजला नव्हता, फाटला नव्हता. ती वाचत गेली, मी टाईप करत गेले. पहिला दिवस, डब्यात काही नाही. चौथा दिवस, माती फुगली. सातवा दिवस, वालानं टोपी काढली. नवव्या दिवसाच्या अर्ध्या ओळीवर ती थांबली.

"पुढं?" मी विचारलं.

तिनं कागद माझ्यापुढे धरला. "पुढं नाही, मॅडम. इथंच तुम्ही थांब म्हणालात."