राहून गेलेलं तेल

गाडी सोमवारी जाणार होती. मुलुंडहून एक माणूस येऊन बघून गेला होता. चाकांना लाथा मारून, दारं चार वेळा उघडमीट करून शेवटी पसंत आहे म्हणाला. मला गाडी चालवता येत नाही आणि जो चालवायचा, तो माझा नवरा, दोन वर्षांपूर्वी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. तेव्हापासून ती आमच्या चारकोपच्या सोसायटीत कव्हर पांघरून उभी होती. विकायचं ठरवल्यावर मी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, शेजारी बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. भांडण होणार अशी तयारीच होती माझी. आबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "रविवारी गिअरबॉक्सचं तेल बदलूया. मग जाऊ दे."

गाडी हायब्रिड, म्हणजे निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर चालणारी, आणि घेतली तेव्हाच जुनी होती. आबांना ती कधीच आवडली नाही. ते आधी मिलमध्ये फिटर, मिल बंद पडल्यावर इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर. ज्या मशीनचा आवाज येत नाही त्या मशीनवर त्यांचा विश्वास नाही. तिच्या पुस्तकात लिहिलंय की हे तेल बदलायची गरजच नाही. आबांचं म्हणणं, असं लिहिणाऱ्याला पुढची गाडी विकायची असते.

पण त्या तेलामागे दुसरंच दुखणं होतं. नवरा गेला त्याच्या दोन महिने आधी, एका रविवारी सकाळी तो आबांना म्हणाला होता, "आबा, खाली येता का? गिअरबॉक्सचं तेल बदलतोय. टॉर्च धरा जरा." बोलून चालून कॉम्प्युटरवर बसणारा माणूस, आणि सांगतोय कोणाला! जन्मभर मशीन आबांनी उघडायचं आणि टॉर्च पोराने धरायचा, असा त्या घरातला रिवाज. आबांनी पेपरातून डोकं वर केलं नाही. "टॉर्च धरूक दुसरो कोण तरी बघ," म्हणाले. चिडले की आबा मालवणीवर येतात.

तेराव्यानंतर एकदा मी भाकऱ्या करत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्याचा एक काम माझ्यापायी रवला." काम राहिलं नव्हतं. त्याच रविवारी त्याने ते स्वतःच केलं होतं आणि टॉर्च मी धरला होता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सुरुवातीला तोंडच उघडेना, आणि पुढे पाहिलं तर म्हातारा त्या राहिलेल्या तेलावरच तगून होता. रोज सकाळी कव्हर काढायचे, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करून अर्धा तास आत बसायचे, वर येऊन चहा घेताना म्हणायचे, "तेल बदलूक व्हया." मी म्हणायची, "हो आबा, बदलू." दोन वर्षं ही अशीच मुंडी हलवत काढली मी.

रविवारी आठ वाजता आम्ही खाली उतरलो. आबांचं वय शहात्तर, गुडघे कामातून गेलेले, पण त्या दिवशी मला जॅकला हात लावू देईनात. एकेक कोपरा उचलून, खाली स्टँड देऊन त्यांनी चारही चाकं अधांतरी केली. गाडी सरळ नसली तर तेलाचं माप चुकतं म्हणून लेव्हल लावून पाहिली. चावी मला वर घरात ठेवून यायला लावली. "चालू आसा की बंद, कानाक कळणा नाय," म्हणाले, "हिचो काय भरवसो?" पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून डोकावले आणि गॅरेजवाले घरी येतात हल्ली, असा फुकटचा सल्ला देऊन गेले. आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग पाठीखाली पुठ्ठा घालून ते गाडीखाली सरकले आणि मी टॉर्च धरला. दुसऱ्यांदा.

तेल भरायचा बोल्ट आधी सोडवायचा. तो अडकून बसला आणि खालचं तेल आधीच काढून टाकलेलं असलं, तर नवं भरता येत नाही आणि गाडीची वाट लागते. आबांनी त्यासाठी लांब दांड्याचा पाना आणला होता, गंज सोडवायचा स्प्रे आणला होता. बोल्ट एका हिसक्यात सुटला. त्यांनी खालचा बोल्ट सोडवला, तोही तसाच. त्याचा वॉशर त्यांनी टॉर्चच्या उजेडात फिरवून पाहिला. नवा कोरा होता. मग खाली ठेवलेल्या टबात तेल पडायला लागलं. वर्षानुवर्षं न बदललेलं तेल काळपट यायला हवं. हे कोकमाच्या सरबतासारखं लाल, आरपार दिसणारं.

आबांनी दोन बोटांवर तेल चोळलं, वास घेतला. चाळीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला तेल आधीच बदललंय हे सांगायला लागत नाही. नवं तेल भरायला त्यानंतर दोन तास लागले, कारण आबा गाडीखालून बाहेर आले ते तिथेच टबाशेजारी फरशीवर बसून राहिले.

"टॉर्च कोणी धरल्यान?" त्यांनी विचारलं.

"मी."

"त्याच दिवशी?"

"हो."

मला वाटलं, आता माझ्यावर बरसतील. दोन वर्षं मला खेळवलंस म्हणतील. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तो रागावलेलो?" एवढंच विचारलं.

"छे हो आबा. हसत होता. म्हणाला, रविवार आहे, करू दे आराम त्यांना." हे खोटं मी दोन वर्षं मनात घोटून ठेवलं होतं, त्यामुळे ते कुठे अडखळलं नाही.

आबांनी मान हलवली. बोटावरचं तेल पंचाला पुसत राहिले, पुसून झालं तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझी वाटच बघल्यान नाय."

मला वाटत होतं, मुलगा रागात गेला नाही हे कळलं की बापाचा जीव शांत होईल. केवढी मी शहाणी! आबांना राग हवा होता. ज्याची वाट बघितली त्याच्यावरच माणूस रागावतो.

"खोटं बोलले मी," मी म्हटलं. "वाट बघितली. साडेनऊला सगळं मांडून बसला होता, अकरापर्यंत पान्याला हात लावला नाही. दोनदा जिना चढून दारापर्यंत आला. तुम्ही पेपर वाचताना दिसलात, परत फिरला. मग शिवी घातली आणि शिरला गाडीखाली."

"शिवी? काय म्हणालो तो?"

"जाऊ दे ना आबा."

"सांग गो."

लग्नाला तेवीस वर्षं झाली, सासऱ्यांपुढे माझ्या तोंडून कधी वावगा शब्द गेला नव्हता. मी टॉर्च बंद केला. "बसू दे थेरड्याला पेपर घेऊन, म्हणाला."

"थेरडो? माका थेरडो म्हणालो?"

"हो."

"अकरापर्यंत थांबलो, आणि मगे म्हणालो?"

"हो आबा."

स्मशानात हा माणूस रडला नव्हता. लोक म्हणाले होते, काळीज दगडाचं आहे. आता तेलकट हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड न झाकता, ते लहान पोरासारखे रडत होते, आणि मधूनच हसतही होते. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं, तो म्हणाला होता तसंच, दातओठ खाऊन.