सासूबाईंची हाक

सिंध सोडून आम्ही कल्याणच्या छावणीत आणि तिथून पेणला आलो, तेव्हा माझा देवावरचा विश्वास उडाल्यातच जमा होता. घर गेलं, गाव गेलं आणि इथे आमचं नाव पडलं निर्वासित. आळीतल्या बायका वाईट नव्हत्या, पण त्यांचं बोलणं आम्हाला कळेना आणि आमचं त्यांना, म्हणून दार लोटून बसायचं एवढाच आमचा शेजार. माझे यजमान खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन पार रोह्यापर्यंत गावोगाव विकायला जात. सासूबाई मात्र रोज सकाळी नदीवर जाऊन आमच्या पाण्याच्या देवाच्या, लाल साईंच्या नावाने मूठभर तांदूळ आणि साखर पाण्यात सोडायच्या. रेशनचे तांदूळ असे वाहून जाताना पाहून माझा जीव जळायचा. सिंधूवरचा देव या एवढ्याशा नदीवर कशाला येतोय, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखवलं. पाणी सगळं एकच, असं म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या. तसंही आमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं.

माझं पहिलं बाळंतपण होतं. दिवस भरायला अजून पंधरवडा होता, म्हणून यजमान निर्धास्तपणे रोह्याकडे गेले, आणि दुसऱ्याच पहाटे कळा सुरू झाल्या. दुपार टळली तरी सुटका होईना. सासूबाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता. दोनदा बाहेर जाऊन त्यांनी हातवारे केले, तर बायकांना वाटलं म्हातारी भांडायला आली आहे. माझ्या अंगातलं त्राण संपत चाललं होतं. आता मी वाचत नाही आणि बाळही वाचत नाही, असं मला वाटू लागलं आणि मी फार घाबरले. सासूबाई उंबऱ्यात बसल्या, पदर पसरला आणि कुणाला तरी पाठव म्हणून लाल साईंना विनवू लागल्या.

तेवढ्यात डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली एक बाई समोरून आली. तिला पाहताच सासूबाई उठून माझ्याकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “आई! आई!” आमच्या सिंधीत याचा अर्थ ‘आली’. मागितली ती बाई आली, एवढंच त्या मला सांगत होत्या. रस्त्यावरच्या बाईने मात्र ते मराठीत ऐकलं. ती फार तर तिशीची असेल आणि साठीची म्हातारी तिला आई म्हणत होती. तिने पाटी ओट्यावर ठेवली आणि सरळ आत आली.

तिचं नाव हिराबाय. मिठागरात राबणारी, आपल्या गावातल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं केलेली. तिने एका नजरेत ओळखलं. दारातूनच तिने आळीला हाका मारल्या, एकीला पाणी तापवायला लावलं, दुसरीला जुनी लुगडी आणायला. ज्या दाराशी कुणी फिरकत नव्हतं तिथे चार बायका जमल्या. दिवेलागणीच्या आत माझी मुलगी जन्मली. आधी ती रडेचना. हिराबायने तिला पालथं धरून पाठ चोळली, तेव्हा कुठे आवाज फुटला. मिठाचा बाजार बुडाला त्याचं काय, असं एकीने विचारलं, तर हिराबाय काय म्हणाली ते मला मराठी आल्यावर बायकांनी सांगितलं, “म्हातारीनं मना आई म्हनून हाक मारली गो. मंग मी फुडं कशी जाऊ?”

त्या दिवसानंतर आमचं दार कुणी लोटू दिलं नाही. मी मराठी शिकले ती याच बायकांच्या ओट्यांवर. देवाला शरण जायचं तर आधी त्याच्यावर भरवसा हवा, असं मला वाटायचं. सासूबाई भरवशाच्या जोरावर बसल्या होत्या, माझ्यापाशी तर तोही नव्हता, तरी माझीही सुटका झाली. त्याचे आभार कोणत्या भाषेत मानायचे ते मला अजून नीट कळत नाही.

पुढे काही वर्षांनी धीर करून मी हिराबायला खरं सांगितलं, की तुला कुणी आई म्हटलंच नव्हतं, ‘आली’ एवढंच म्हटलं होतं. ती रागावेल अशी मला भीती होती. ती हसली.

“मंग बरोबरच बोलली ती,” हिराबाय म्हणाली. “आलेच व्हते ना गो मी.”