सतरा नंबरचे पेन

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. एका म्हाताऱ्याने पहिल्याच प्रश्नाला खरीखुरी कबुली दिली होती. त्या कबुलीतला एक शब्द मला, चांगल्या मॅट्रिक झालेल्या फौजदाराला, दुसऱ्या दिवसापर्यंत कळला नाही.

तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहा वर्षेही झाली नव्हती आणि आमच्या जिल्ह्याचे नाव चांदा होते. धानोऱ्याच्या बाजूला, जंगलातल्या एका ठाण्यावर मी नवा होतो. ठाणे म्हणजे दोन कौलारू खोल्या, एक जमादार, चार शिपाई आणि बहुतेक दिवस पंक्चर असलेली सरकारी सायकल. मी वऱ्हाडातला, शिपाईही बाहेरगावचे. भोवतीच्या गोंडांची बोली आमच्यापैकी कोणाला येत नव्हती, आणि शिकावी असेही कोणाला वाटले नव्हते.

एके सकाळी कलकत्त्याकडचा एक तरुण भूशास्त्रज्ञ ठाण्यात आला. डोंगरावरच्या तळ्याकाठी त्याचा तंबू होता. महिनाभर तो तळ्याभोवती पायी फिरून खडक फोडत होता आणि नकाशावर रंगीत रेघा ओढत होता. आदल्या दिवशी दुपारी तो पलीकडच्या काठाला असताना तंबूतून त्याची कॅनव्हासची पिशवी गेली. त्यात कागदात गुंडाळलेले, नंबर घातलेले तेवीस दगड होते आणि बाहेरच्या खिशात एक फाउंटन पेन होते. दगडांची चोरी झाली म्हणून रडवेला झालेला माणूस मी प्रथमच पाहत होतो. त्यातला सतरा नंबरचा दगड लाल-काळ्या पट्ट्यांचा, लोखंडासारखा जड होता. त्याच्या जोरावर त्या डोंगरात लोहखनिज आहे असा अहवाल तो पाठवणार होता. ती त्याची पहिलीच कामगिरी होती, आणि पुरावा म्हणून तेवढा एकच दगड होता.

पत्ता लागायला वेळ लागला नाही. जंगल खात्याचा नाकेदार दुपारी ठाण्यावरून जाता जाता सांगून गेला की तळ्याखालच्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, एक गोंड म्हातारा जड पिशवी पाठीवर घेऊन उतरताना त्याने पाहिला. शिपायाने म्हाताऱ्याला संध्याकाळपर्यंत आणले. मी आवाज चढवायच्या तयारीत बसलो होतो, पण त्याची गरजच पडली नाही.

"पिसवी मीच नेली," तो म्हणाला. "गोटे घरी हायेत, घेऊन जा. पेन मात्र देत नाई. पेन माह्यं होय."

मी विचारले, तुला लिहिता येते का? नाई. मग पेन कशाला हवे? तर म्हणे त्याच्याशिवाय घरात पेरणी होत नाही, लग्न होत नाही. जमादार तोंड फिरवून हसला. मी दरडावून पाहिले, कोठडीची भीती घातली. म्हातारा हात जोडून, पण अगदी ठामपणे तेच सांगत राहिला. तुरुंगात टाका, पेन देणार नाही.

शेवटी भूशास्त्रज्ञालाच दया आली. पेन राहू द्या बिचाऱ्याला, मला फक्त माझे दगड द्या, असे तो हिंदीत म्हणाला. मी लगेच दोन पंचांसमोर लिहून घेतले की तक्रारदाराने पेन स्वखुशीने सदर इसमास दिले आहे. त्यावर त्याची सही घेतली. प्रकरण हातावेगळे केल्याच्या समाधानात मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी नाकेदाराला वाटाड्या घेऊन आम्ही टोल्यावर गेलो. पिशवी ओसरीत होती. म्हाताऱ्याने प्रत्येक दगड उघडून पाहिला होता आणि पुन्हा जसाच्या तसा गुंडाळून ठेवला होता. मोजले तर बावीस भरले. सतरा नंबर नव्हता. आणि बाहेरच्या खिशात फाउंटन पेन होते तसेच होते.

"मग तू कुठले पेन ठेवून घेतलेस?" मी विचारले.

म्हातारा तळ्याकडे चालू लागला. काठावर ऐनाचे एक जुने झाड होते. त्याच्या बुंध्याशी हळद लावलेला तो पट्ट्यांचा दगड होता, आणि हळदीतून पांढऱ्या रंगातला सतराचा आकडा दिसत होता.

"हे माह्यं पेन," तो म्हणाला.

नाकेदाराने पायातल्या चपला काढल्या. "साहेब, यायच्या बोलीत पेन म्हंजे देव," तो हळूच म्हणाला.

भूशास्त्रज्ञाचा चेहरा उतरला. पालापाचोळ्याखालून त्याने तो दगड उचलला होता, देव म्हणून नव्हे. आता तोच त्याचा पुरावा होता, आणि तोच त्याने सही करून देऊन टाकला होता. मी मनात म्हटले, आता हा भांडणार. पण त्याने एवढेच विचारले की हा दगड या झाडाखाली कधीपासून आहे. म्हाताऱ्याने सांगितले, आजाच्या आजाने दक्षिणेकडच्या डोंगरातून खांद्यावर आणला. गाव उठले, तेव्हा माणसे देवाला मागे टाकून येणार होती का?

 म्हणजे दगड या डोंगरातला नव्हताच. अहवाल गेला असता तर वरच्या साहेबांनी इथे खोदायला माणसे धाडली असती आणि त्याची नोकरी पहिल्याच वर्षी गोत्यात आली असती. त्याने नकाशा काढला, लाल रेघ खोडरबराने पुसली आणि म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. मला तो पोरगा त्या क्षणी फार आवडला.

पुढे नोकरीभर मी एक पथ्य पाळले. समोरच्या माणसाचे बोलणे वेड्यासारखे वाटले, की चूक माझ्या कानाची आहे का हे आधी तपासायचे. त्यामुळे दोन-चार माणसे तरी विनाकारण कोठडीत जायची वाचली असतील.

त्या दिवशी कागद मात्र पुरा करायचा होता. 'मुद्देमाल मूळ मालकास परत दिला' असे मी तिथेच बसून लिहिले आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. या खेपेला तोंडातून आपोआप 'बाबाजी' निघाले, अंगठा लावा म्हणालो. म्हाताऱ्याने काय लिहिले आहे ते विचारले. मी वाचून दाखवले. त्याने हात मागे घेतला.

"हे खोटं होय साहेब," तो झाडाखालच्या दगडाकडे हात करून म्हणाला. "मी मालक नाई. मालक तो हाय."

मालकाच्या अंगठ्याची जागा मी कोरीच ठेवली.